केळीच्या बागेतल्या मातीतले जिवाणू वाढवून कामाचं काय मिळवता येईल?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही रावेरकडच्या केळीच्या बागेतली माती आणली आहे आणि तिच्यातल्या जिवाणूंकडून फर्मेंटेशनने काय काढावं, असं विचारलंय. बहुतेक विद्यार्थी अँटिबायोटिकच्या मागे लागतात. साहजिक आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्याच जिवाणूतून मिळालं, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतून हॅमायसिन निघालं. पण नवा रेणू शोधायचा, शुद्ध करायचा, तो खरंच नवा आहे हे सिद्ध करायचं, एवढं प्रोजेक्टच्या मुदतीत बसत नाही. माझं ऐकाल तर सिडेरोफोर, म्हणजे जिवाणूंचे लोह पकडणारे रेणू, घ्या.

कारण आपल्या शेतातच आहे. खान्देशातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास. लोह मातीत भरपूर, पण न विरघळणाऱ्या रूपात अडकलेलं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. स्यूडोमोनास फ्लुरोसन्ससारखे जिवाणू अशा टंचाईत लोह पकडून आणणारे छोटे रेणू बाहेर सोडतात, तेच सिडेरोफोर. रोगकारक बुरशीला लागणारं लोहही ते पळवतात.

मुळाला चिकटलेलीच माती घ्या, सरीतली नको. किंग्ज बी या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर वाढवून प्लेट अंधारात अतिनील दिव्याखाली धरा, हिरवट चमकणाऱ्या वसाहती उचला. मात्र माणसाला रोग करू शकणारा स्यूडोमोनास एरुजिनोसाही असाच चमकतो. म्हणून प्रत्येक वसाहत ४२ अंशांवर वाढवून पाहा. फ्लुरोसन्स तिथे वाढत नाही, एरुजिनोसा वाढतो. वाढलेली प्लेट सरळ ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून टाकून द्या, याबाबतीत हयगय नको.

पुढचं सगळं जिवाणूला लोहाची उपासमार घडवण्यावर आहे. लोह मिळालं की तो सिडेरोफोर बनवणं थांबवतो, वाढ मात्र जोरदार होते आणि फ्लास्क गढूळ दिसला म्हणून आपण उगाच खूश होतो. सक्सिनेट माध्यम वापरा: लिटरला ४ ग्रॅम सक्सिनिक आम्ल, ६ ग्रॅम डायपोटॅशियम आणि ३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट, १ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ०.२ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, सामू ७. काचेची भांडी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग दोनदा ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी भांडी विसळायलासुद्धा नको. २८ ते ३० अंशांवर शेकरवर एकदोन दिवसांत द्रव पिवळसर हिरवा होतो. त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की चमक विझते आणि रंग तपकिरी होतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे! सीएएस (क्रोम अझुरॉल एस) रंग घातलेल्या निळ्या प्लेटवर वसाहतीभोवती नारिंगी कडं आलं की खात्री पटते.

स्वस्त पडते म्हणून इथे साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरू नका, तिच्यात लोह असतं. मळीच वापरायची असेल तर बॅसिलस मेगाटेरियम शोधा. साखर मुबलक आणि नत्र कमी ठेवलं की हा जिवाणू पेशीत पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट), म्हणजे मातीत कुजणारं प्लास्टिक साठवतो. १९२६ साली ते याच जिवाणूत सापडलं. सुदान ब्लॅकने रंगवा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत निळसर काळे कण दिसतील. या तपासणीला लागणारी सामग्री कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळते.