तलावाच्या पाळीवरचे प्रश्न : मधला भरतो, खालची बोडी का भरत नाही?

प्रश्न : आमच्या गावात एकाखाली एक तीन मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. मागच्या उन्हाळ्यात मधल्याचा गाळ काढला, सांडवाही दोन फूट उंच केला. पाऊस चांगला झाला, तरी दिवाळीला खालची बोडी, म्हणजे छोटा तलाव, अर्धीच. हे गाळ काढल्यामुळे का?
– एक शेतकरी, अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया

उत्तर : थोडे गाळामुळे, बरेचसे सांडव्यामुळे. मधल्याचे पाणी 10 हेक्टरांवर पसरते असे धरा. दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर चढवले की 60 हजार घनमीटर, अर्थात 6 कोटी लिटर पाणी जास्तीचे अडते. तेवढे भरेपर्यंत खाली काही उतरत नाही. कोहळी समाजाने बांधलेली ही साखळी एकच आहे. 1950च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर प्रत्येक तलाव सुटा झाला. घोळ तिथूनच.

वाढवलेला भाग उतरवून घ्या, पण संबंधित विभागाच्या अभियंत्याला दाखवून. तोवर गवंड्याच्या पाण्याच्या नळीने सांडव्याचा माथा आणि पाळीचा (तलावाच्या मातीच्या बांधाचा) सर्वांत खचलेला भाग यांतला फरक मोजा. सांडवा दोन फूट चढला म्हणजे हा फरक दोन फुटांनी घटला. एखाद्या रात्री मुसळधार पाऊस झाला, तर पाणी पाळीवरून जाईल आणि मातीची पाळ तिथेच फुटेल. मग बोडीकडे जाणारा नाला पायी फिरून बघा. कुणाच्या बांधीचा धुरा, म्हणजे धानशेताचा बांध, पुढे सरकलेला असतो, नाहीतर रस्त्याखालची मोरी नाल्याच्या तळापेक्षा उंच बसवलेली असते. निस्तार पत्रकातल्या (गावाच्या सामाईक हक्कांच्या दप्तरातल्या) तलावाच्या नोंदीही काढून ठेवा. वाद झाला की त्याच उपयोगी पडतात.

प्रश्न : गाळ काढल्यापासून मरळ, वाम दिसेनाशी झाली. रोहू-कतल्याचे बीज सोडतो, तेवढेच हाती लागते.
– मच्छीमार संस्थेचे सभासद, भंडारा

उत्तर : जेसीबीने तळ ताटासारखा सपाट केला, तिथेच बिघडले. गाळासोबत पाणवनस्पतींचे कंद, मुळे आणि बीही गेले. मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटे करून अंडी घालते. रोहू, कतला, मृगळ साठलेल्या पाण्यात विणत नाहीत, म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते.

पाणी आटले की बेशरमाची झुडपे मुळासकट उपटा. तुकडे ओल्या मातीत राहिले तर पुन्हा फुटतात. पाळीपलीकडे वाळवून जाळा. पावसाआधी तळाचा उथळ भाग नांगरा. पाणी गुडघाभर झाले की शेजारच्या जुन्या तलावातून हायड्रिला आणि कमळाचे कंद आणून चिखलात रोवा, काठाला देवधान (जंगली भात) लावा. रोप धरेपर्यंत गुरे आत येऊ देऊ नका. गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडू नका, तो हे सगळे फस्त करतो. पुढच्या खेपेला एक चतुर्थांश तळ न खोदता ठेवा, पाळीच्या पायथ्याला हात लावू नका आणि मुरूम लागला की थांबा. त्याखाली पाणी मुरते.

प्रश्न : गाळ एकरी किती टाकावा?

उत्तर : दोन इंचांच्या थराला सुमारे 200 घनमीटर लागतो. ट्रॉलीत तीन घनमीटर बसत असेल, तर 65 ते 70 खेपा. सिहार, बर्डी अशा हलक्या जमिनीला टाका. कन्हार या काळ्या जमिनीला नको, ती आधीच चिकट.