धावणार ती, मी काय करू?

प्रश्न : माझी पत्नी (वय ४१) येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली हाफ धावणार आहे. तिची ही पहिलीच. आम्ही डोंबिवलीला राहतो, घरात माझी आई आणि नववीतला मुलगा. मी स्वतः धावत नाही. त्या दिवशी तिच्यासाठी काय करावं, कुठे उभं राहावं? आई सारखी म्हणते, या वयात गुडघे जातील. तिला काय सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्या दिवसाचं सांगतेच, पण खरी गरज येत्या रविवारपासून आहे. हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर, आणि तिची सगळी मदार रविवारच्या लांब पल्ल्याच्या सरावावर. शिवाजी पार्कला माझ्याबरोबर धावणाऱ्या कितीतरी जणी घरचं आवरून पहाटे येतात, पंधरा किलोमीटर धावतात आणि घरी गेल्या गेल्या, घाम वाळायच्या आत, कुकर लावतात. सराव सुटतो तो बहुतेक वेळा या ओढाताणीपायी. म्हणून रविवारचा नाश्ता आणि दुपारचा स्वयंपाक तुम्ही आणि लेकाने अंगावर घ्या. भाजी कोणती करू, हेसुद्धा पत्नीला विचारू नका. शनिवारी रात्री कुणाकडे रिसेप्शन असेल तर तुम्ही एकटे जाऊन या.

शेवटच्या दोन आठवड्यांत पाय ताजे राहावेत म्हणून धावणं मुद्दाम कमी करतात. तेव्हा ‘आज गेली नाहीस?’ असं अजिबात म्हणू नका. त्या दिवसांत माणूस चिडचिडा होतो, नसलेली दुखणी जाणवायला लागतात. ऐकून घ्या, उपाय सुचवू नका. लंगडायला लावणारं दुखणं मात्र अंगावर काढू देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

आईंना सांगा, हौसेने आणि बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी त्यांची काळजी खरी आहे. एखाद्या रविवारी त्यांना सुनेचा सराव बघायला घेऊन जा.

आता तो दिवस. जानेवारीचा तिसरा रविवार. अलीकडे हाफ माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. नेमकी वेळ बिबबरोबर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराबरोबर, मिळणाऱ्या माहितीत बघा. दादर-माहीमला कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा. नसेल तर त्या पहाटेच्या जादा लोकलच्या वेळा आधीच पाहून ठेवा. रात्री लवकर, साधा वरणभात. नवं काहीही नको – ना बूट, ना मोजे, ना कुणी सुचवलेलं एनर्जी जेल. बिबच्या मागे तुमचा फोन नंबर आणि औषधांची माहिती त्यांच्याकडून भरून घ्या.

उभं राहायला सगळे शेवटच्या रेषेकडे धाव घेतात. मी सांगेन, पेडर रोडला थांबा. हाजी अली मागे पडल्यावर तो चढ लागतो, पाय तोवर थकलेले असतात आणि पुढे मरीन ड्राइव्ह अख्खा उरलेला असतो. ओळखीचा आवाज हवा असतो तो तिथे. रस्ते बंद असतात, टॅक्सीच्या नादी लागू नका. माहीमहून लोकलने ग्रँट रोडला उतरा, नाना चौकातून ऑगस्ट क्रांती मार्गाने केम्प्स कॉर्नर आणि तिथून चढाने वर, जसलोक हॉस्पिटलच्या अलीकडे. चालायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. रस्ता ओलांडायला मिळेलच असं नाही, म्हणून अलीकडच्याच फुटपाथवर उभे राहा. त्यांना तुम्ही डाव्या हाताला दिसाल. हे आधी ठरवा, आणि कुठल्या रंगाचा शर्ट घालणार तेही. त्या गर्दीत तुम्ही त्यांना शोधण्यापेक्षा त्यांनी तुम्हाला शोधणं सोपं. किलोमीटरला आठ मिनिटांचा वेग असेल तर पूर्ण अंतराला पावणेतीन तासांच्या वर लागतात, त्यावरून अंदाज बांधा. धावपटू कुठे पोचला ते दाखवणारा अॅपवरचा ठिपका मागे-पुढे होतो, त्यावर विसंबू नका.

दिसल्या की नाव घेऊन ओरडा, मनापासून. ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका, कारण राहिलेलं असतं बरंच. फोटोसाठी थांबवू नका. माझे यजमान तिथे फक्त हाक मारतात आणि हात पुढे करतात. टाळी देऊन मी पुढे जाते. तेवढ्यावर चौपाटीपर्यंतचा रस्ता निभतो.

मग परत ग्रँट रोडला या, लोकलने मरीन लाइन्स गाठा आणि मेट्रो सिनेमाच्या कोपऱ्यावर थांबा. शर्यत संपते सीएसएमटीला, पण तिथे धावपटूंना पुढे सरकवत नेतात, फोन लागत नाहीत. भेटीची जागा आधी ठरली नसेल तर तासभर चुकामूक होते. पिशवीत कोरडा टी-शर्ट, टॉवेल, सैल चपला, केळं आणि मीठ घातलेलं लिंबूसरबत ठेवा. नुसतं पाणी भरमसाट पाजू नका, घामातून मीठही गेलेलं असतं. भेटल्यावर लगेच बसवू नका, दहा मिनिटं हळूहळू चालवा, मग तासाभरात पोटभर खायला घाला. किती वेळ लागला, हे त्या आपणहून सांगतील.

आणखी एक. सोमवारी मांड्या इतक्या दुखतात की जिना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. लोकल आणि पूल चुकवायचे असतील तर त्यांची सोमवारची रजा आत्ताच टाकायला सांगा. मुलाचा डबा त्या दिवशीही तुमच्याकडे.