आकडा लिहिण्याआधी नळ्या मोज

प्रिय ......,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल मिळाला. बाणेरच्या मार्केट रिसर्चच्या ऑफिसात रुजू झाल्यावरचा पहिला स्वतंत्र रिपोर्ट म्हणून 'ट्यूब फीडिंग फॉर्म्युलांची जागतिक बाजारपेठ' (म्हणजे तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णाला नळीतून द्यायच्या तयार अन्नाची) तुझ्या गळ्यात पडलीय, हे वाचून मला आनंदच झाला. विषय रुक्ष आहे, पण सेकंडरी डेटा (आधीच छापलेली माहिती) ढीगभर आहे, त्यामुळे लवकर उरकेल, असं तू लिहिलंयस. विषय अजिबात रुक्ष नाही. आणि तो ढीग आधी बाजूला ठेव.

जगात कुणालाही कसल्याही मालाच्या बाजारपेठेचा आकडा हवा असला, की तो लिहिणारं माणूस पुष्कळदा पुण्यातच सापडतं. बाणेरला, नाहीतर खराडीला, नाहीतर मगरपट्ट्यात. एका इमारतीत आकडा छापला जातो, शेजारच्या इमारतीतला पोरगा तो संदर्भ म्हणून उचलतो, त्यावर आपला सीएजीआर (वार्षिक वाढीचा दर) चढवतो, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा 'उद्योगातील सूत्रांनुसार' असा नटूनथटून पहिल्याकडे परत येतो. या विषयावरचे तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून बघ. वाढीचा दर जवळपास सारखा दिसेल, बाजाराचा आकार मात्र जुळणार नाही. कारण प्रत्येकाने कुंपण वेगळ्या जागी घातलंय आणि कुठे घातलंय ते सांगितलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम कुंपणाचं. एन्शुअर पावडरचा डबा घे. तोच डबा एखाद्या आजी दुधात ढवळून पितात आणि तोच शेजारच्या बेडवर रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) जातो. विक्री एकच, वापर दोन. तोंडाने पिण्याचा माल तू धरणार की वगळणार? नळ्या, पंप, बॅगा धरणार का? (त्या धरू नकोस, तो उपकरणांचा रिपोर्ट वेगळा.) कारखान्यातून निघतानाची किंमत घेणार की डब्यावर छापलेली? हे पहिल्या पानावर लिहून टाक, क्लायंटला कंटाळा आला तरी.

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून हे वेगळं काढता येईल अशी आशा बाळगू नकोस. ॲबट 'ॲडल्ट न्यूट्रिशन'चा एकच आकडा देते, त्यात पिण्याचं आणि नळीचं एकत्र. डॅनोनच्या 'स्पेशलाइज्ड न्यूट्रिशन'मध्ये न्यूट्रिशिया या वैद्यकीय पोषणाच्या ब्रँडबरोबर तान्ह्या बाळांचं दूध आहे. नेस्ले हेल्थ सायन्सने २०२१ मध्ये नेचर्स बाउंटी, सोलगार असे व्हिटॅमिनचे ब्रँड घेतले, त्यामुळे तिथे गोळ्याही मिसळल्या. फ्रेझेनियस काबीच्या पोषण विभागात शिरेतून द्यायची सलाइनसारखी पोषणद्रव्यंही येतात. या चौघांचे आकडे जोडून 'टॉप फोर कंपन्यांचा वाटा' काढणारे तक्ते मी पाहिले आहेत. तसला तक्ता तू करू नकोस.

मग करायचं काय? खालून वर जायचं. या धंद्यात येण्याआधी मी रुग्णालयात डायटिशियन होते, तो हिशेब आजही हाताशी आहे. साठ किलोचा रुग्ण, किलोला पंचवीस किलोकॅलरी धरल्या तर दिवसाला १५०० किलोकॅलरी. साधा फॉर्म्युला मिलिलिटरला एक किलोकॅलरीचा असतो, म्हणजे रोज दीड लिटर. पावडर असेल तर चारशे ग्रॅमच्या डब्यात साधारण सतराशे किलोकॅलरी येतात. म्हणजे एक डबा जेमतेम एका दिवसाचा, महिन्याला सव्वीस-सत्तावीस डबे. आता एका देशात वर्षभरात किती लोकांना नळी लागते, किती दिवस राहते, त्यातल्या किती जणांना कंपनीचा फॉर्म्युला मिळतो आणि किती जणांना स्वयंपाकघरातलं फीड, एवढं शोधलंस की आकडा आपोआप उभा राहतो. नळीच्या दिवसांवर विशेष लक्ष दे. आयसीयूतली नाकातली नळी दिवसांत किंवा आठवड्यांत मोजायची, पोटातली पेग (पोटाच्या भिंतीतून थेट आत बसवलेली नळी) महिन्यांत आणि वर्षांत. १९७९ मध्ये क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न फाडता, एंडोस्कोपच्या मदतीने पोटात नळी बसवली. फॉर्म्युल्याचा घरगुती बाजार खऱ्या अर्थाने त्यानंतर वाढला, कारण नाकात नळी घेऊन वर्षानुवर्षं घरी राहणं फार अवघड.

आता मुख्य गोष्ट. या बाजारात ज्याच्या पोटात माल जातो तो निवडत नाही, जो निवडतो तो पैसे देत नाही. शाळेच्या पुस्तकांसारखं आहे हे : मास्तर यादी देतात, बाप पैसे मोजतो, मुलगा वापरतो. म्हणून मागणी कशाने हलते हे पाहायचं तर रुग्णांची संख्या बघण्याआधी पैसे देणाऱ्याचे नियम वाच. प्रत्येक देशाच्या प्रकरणाची सुरुवात तिथून कर.

अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) हे अन्न म्हणून देतच नाही. निकामी झालेल्या अवयवाचं काम करणारं साधन, म्हणजे कृत्रिम अवयवाच्या सदरात ते बसवलंय, आणि गरज दीर्घकाळची असावी लागते. शंभर किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, आणि पैसे ब्रँडवर नाहीत, कोडवर. साध्या प्रथिनांचा फॉर्म्युला बी ४१५० मध्ये, आधीच तोडलेल्या प्रथिनांचा बी ४१५३ मध्ये. कुठला माल कुठल्या कोडात बसतो यावर तिथल्या कंपन्यांचं नफा-नुकसान ठरतं. तुझ्या 'प्रॉडक्ट सेगमेंट'ची विभागणी या कोडांशी जुळती ठेव, तुझंच काम सोपं होईल.

जपान मला सगळ्यात रंजक वाटतं. तिथे हेच पदार्थ दोन दारांनी येतात. एलेंटल, रॅकोल, एन्शुअर लिक्विड ही तिथे औषधं आहेत, डॉक्टर लिहून देतात आणि विमा त्याचा भार उचलतो. त्याच धाटणीचे बाकीचे फॉर्म्युले मात्र अन्न, घरी वापरले तर खर्च घरचाच. आणि दुसरी गोष्ट : म्हाताऱ्या माणसांना सरसकट पेग बसवण्यावर तिथे मोठा वाद झाला. २०१४ मध्ये सरकारने पेग बसवण्याची फी १०,०७० गुणांवरून ६,०७० वर आणली, एक गुण म्हणजे दहा येन. नळ्यांचं प्रमाण त्याआधीच उतरू लागलं होतं, या निर्णयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. जगातल्या सर्वांत म्हाताऱ्या देशांपैकी एक, आणि तिथेच पेग कमी. 'वृद्धांची वाढती संख्या' हे वाक्य प्रत्येक रिपोर्टात पहिल्या परिच्छेदात असतं. ते लिहिण्याआधी जपानचं प्रकरण पूर्ण कर.

स्मृतिभ्रंशाचंही तेच. 'डिमेन्शियाचे रुग्ण वाढणार म्हणून मागणी वाढणार' असं तुला दहा ठिकाणी वाचायला मिळेल. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांत नळी बसवण्याचं प्रमाण २००० मध्ये ११.७ टक्के होतं, २०१४ मध्ये ५.७ टक्के झालं. या रुग्णांत नळीने आयुष्य वाढत नाही की ठसका लागून न्यूमोनिया व्हायचा थांबत नाही, हे पुढे आलं, आणि वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हाताने भरवा असा सल्ला दिला. रुग्ण वाढले, नळ्या घटल्या. तुझ्या 'ड्रायव्हर' आणि 'रिस्ट्रेंट'च्या (मागणी वाढवणाऱ्या आणि रोखणाऱ्या गोष्टींच्या) तक्त्यात एकच आजार दोन्हीकडे येऊ शकतो, संकोचू नकोस.

आणि 'हाय कॅलरी' सेगमेंट सगळ्यात वेगाने वाढणार असं लिहायचा मोह होईल, कारण कंपन्यांच्या सादरीकरणांत त्याला ठळक जागा असते. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या आयसीयूंमध्ये जवळजवळ चार हजार रुग्णांवर झालेल्या 'टार्गेट' नावाच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. निम्म्यांना मिलिलिटरला दीड किलोकॅलरीचा फॉर्म्युला, निम्म्यांना एकचा. नव्वद दिवसांनी मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. दाट फॉर्म्युल्याला जागा आहेच, ज्याला पाणी मोजून द्यायचं त्या किडनीच्या नाहीतर हृदयाच्या रुग्णाला तो लागतो. पण आयसीयूतल्या सगळ्यांसाठी जास्त म्हणजे चांगलं, हे गृहीत धरून पाच वर्षांचा अंदाज बांधू नकोस.

चीनवर थोडक्यात : तिथेही बरेच फॉर्म्युले औषध म्हणून नोंदलेले आहेत, आणि २०१६ पासून 'विशेष वैद्यकीय गरजांसाठीचं अन्न' अशी वेगळी नोंदणी सुरू झाली. कुठला ब्रँड कुठल्या बाजूला, ते बघून घे.

भारताचं प्रकरण मात्र सविस्तर लिही, कारण ते पुण्यात बसून लिहिणाऱ्यांनीच सगळ्यात वाईट लिहिलंय. आपल्याकडे हा माल एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाच्या) २०१६ च्या नियमांखाली विशेष वैद्यकीय अन्नात येतो. औषध नाही, त्यामुळे औषधांसारखं किमतीवर नियंत्रण नाही, आणि डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेकदा कुटुंबाच्या खिशातून. म्हणून पावडर चालते, तयार बॅगा मोठ्या शहरांतल्या मोठ्या आयसीयूंपुरत्या. आणि म्हणून स्वयंपाकघरातलं फीड टिकून आहे : दूध, साखर, अंड्याचा पांढरा भाग, मुगाच्या डाळीचं पाणी, तांदळाची पेज, तेल, सगळं मिक्सरमधून काढून गाळलेलं. स्वस्त आहे, पण त्यात किती प्रथिनं गेली ते रोज वेगळं, आणि उघडं राहिलं की जंतू. फिलिपाइन्सच्या रुग्णालयांत अशा फीडचे नमुने तपासले गेले, तेव्हा हे दोन्ही दोष सापडले होते. गंमत म्हणजे अमेरिकेत उलटा प्रवास चालू आहे. केट नावाच्या मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी कॅलिफोर्नियात वनस्पतींपासून बनवलेला फॉर्म्युला काढला, त्यातून केट फार्म्स उभी राहिली, आणि २०२५ मध्ये डॅनोनने त्यात बहुसंख्य हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे परवडत नाही म्हणून नळीतून डाळ जाते, तिकडे खऱ्या अन्नाच्या जवळचं हवं म्हणून लोक जास्त पैसे मोजतात.

एक गोष्ट कुठल्याच डेटाबेसमध्ये मिळणार नाही. घरी गेलेला रुग्ण हिशेबाप्रमाणे डबे संपवत नाही. सहा स्कूपच्या जागी चार टाकले जातात, डबा दोन-तीन दिवस पुरवला जातो, एक फीड पावडरचं आणि पुढचं ताकाचं. मी वॉर्डात असताना फॉलोअपला आलेल्या नातेवाइकांना 'महिन्याला किती डबे लागले?' एवढंच विचारायचे, वजन का उतरलं ते तेवढ्यात कळायचं. तुझ्या एक्सेलमध्ये गरज आणि खप हे दोन वेगळे स्तंभ ठेव. भारतात त्यांच्यातलं अंतर मोठं आहे, आणि क्लायंटला विकण्यासारखी माहिती तुझ्याकडे असलीच तर त्या अंतरातच आहे.

म्हणून प्रायमरी कॉल (थेट माहिती विचारायचे फोन) कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांना कमी लाव. ते तुला तुझ्याच रिपोर्टातला आकडा वाचून दाखवतील. रुग्णालयाच्या पर्चेस मॅनेजरशी बोल, डायटिशियनशी बोल, आणि रुग्णालयाच्या समोरच्या मेडिकलवाल्याकडे जाऊन उभी राहा. कुठला डबा कुणाच्या चिठ्ठीवर जातो आणि कुठला परत येतो, हे त्याला तोंडपाठ असतं. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या एखाद्या मावशी भेटल्या तर अर्धा तास काढ.

कंपन्यांच्या प्रकरणात जुना इतिहास फार उगाळू नकोस. २००७ एवढं एक वर्ष पुरे : नेस्लेने नोव्हार्टिसचा वैद्यकीय पोषणाचा धंदा अडीच अब्ज डॉलरला घेतला आणि डॅनोनने १२.३ अब्ज युरोंना न्यूमिको घेऊन न्यूट्रिशिया मिळवली. आजची मांडणी बरीचशी तिथून आलीय. भारतापुरतं २०१२ लिही, तेव्हा मुंबईच्या वोक्हार्टचा पोषण व्यवसाय डॅनोनकडे गेला आणि प्रोटिनेक्सचा मालक बदलला. पुरवठा थोड्या हातांत असण्याचा धोका दाखवायला मिशिगनमधल्या स्टर्गिसचा ॲबटचा कारखाना घे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बंद पडला तेव्हा बातम्या बाळांच्या दुधाच्या आल्या, पण एलिकेअरसारखे अमिनो ॲसिडचे फॉर्म्युलेही तिथलेच, आणि त्यावर नळीने जगणारी मुलं होती. जूनमध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही दिवसांत वादळी पावसाचं पाणी शिरून पुन्हा थांबलं. साध्या फॉर्म्युल्याला पर्यायी ब्रँड मिळतो, अशाला लवकर मिळत नाही. 'रिस्क'च्या सदरात हे दोन वाक्यांत मांड.

भारत आणि जपान ही दोन प्रकरणं आधी लिहून मला पाठव. एकूण आकडा शेवटी काढू, तोवर मॅनेजरने मागितला तर 'कुंपण ठरतंय' म्हणून सांग.

कळावे.

ता. क. शीटमध्ये पावडर किलोत आणि तयार फॉर्म्युला लिटरमध्ये ठेवून बेरीज करू नकोस. दोन्ही किलोकॅलरीत आण, मगच जोड.