जुने पाठ्यपुस्तक आणि रद्द झालेले कलम

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पत्रकारिता शिकवते. इंटरनेट पत्रकारितेचे आमचे पाठ्यपुस्तक २०१३ सालचे आहे. त्यात ऑर्कुट या समाजमाध्यमावरून वाचक मिळवण्याचे मार्ग सांगितले आहेत आणि ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लागू असल्याचे म्हटले आहे. नवी आवृत्ती येईपर्यंत काय करावे?

उत्तर : ऑर्कुटची काळजी करू नका. ती सेवा सप्टेंबर २०१४ मध्येच बंद झाली, त्यामुळे तो सल्ला कोणी अमलात आणू शकणार नाही. कलमाचे तसे नाही. रद्द झालेले कलम छापील पानावर लागू असल्यासारखेच दिसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर या कलमाला आव्हान दिले गेले आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे २०२१ मध्ये न्यायालयापुढे आले. आपल्यावर लावलेले कलम अस्तित्वातच नाही, हे पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेल्या वार्ताहराला ठाऊक असायलाच हवे, म्हणून दुरुस्तीला कायद्याच्या प्रकरणापासूनच हात घालावा, असे मला मनापासून वाटते.

त्याच प्रकरणात बदनामीसाठी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० दिलेली असतील. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आले आहे, आणि भारतीय पुरावा कायद्यातील इलेक्ट्रॉनिक पुराव्यासंबंधीच्या कलम ६५-ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. मात्र जुने आकडे खोडू नका. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्यामुळे न्यायालयाच्या बातम्या देणाऱ्याला दोन्ही कलमे माहीत असावी लागतात. फेब्रुवारी २०२१ चे डिजिटल माध्यमांसाठीचे नियम तर पुस्तकात नसणारच, ते स्वतंत्र टिपणातून शिकवा. सरकारी तथ्य-पडताळणी कक्षासंबंधीची त्यांतील २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, हेही त्यात लिहा.

अशा प्रत्येक जागी समासात एक चिठ्ठी चिकटवावी आणि तिच्यावर बदल, त्याचा आधार व आपण तो तपासल्याची तारीख लिहावी. तारीख नसलेली चिठ्ठी दोन वर्षांनी पुस्तकाइतकीच जुनी होते. साधनांच्या प्रकरणांत कोणते बटण दाबावे हे गाळून, छायाचित्र प्रथम कुठे व केव्हा प्रसिद्ध झाले हे कसे शोधावे, यावर भर द्या. वर्षअखेरीस या चिठ्ठ्यांची छायाप्रत विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे पाठवा, म्हणजे नवी आवृत्ती लिहिणाऱ्यांना वर्गात नेमके कुठे अडते ते कळेल.