बाथ सॉल्ट सादळले म्हणून ओव्हनमध्ये ठेवू नका

घोडबंदर रोडवरच्या घरात गणपती उठल्यावर तुम्ही दिवाळीच्या भेटींसाठी बाथ सॉल्टच्या, म्हणजे अंघोळीच्या पाण्यात घालायच्या सुगंधी खड्यांच्या, २५ बरण्या भरल्या, आठ दिवसांत त्यांना पाणी सुटले, तळाशी ढेप बसली, आणि आता 'हे सगळे ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा भरू का' असे तुम्ही विचारता आहात. हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मी हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण चार वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी नेमके हेच केले होते. म्हणून उत्तर आधी देते: ओव्हन नको, कढई नको, आणि मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. मी रसायनशास्त्राची पदवीधर नाही, बँकेत नोकरी करते. पण एवढी एक गोष्ट मी पैसे मोजून शिकले आहे.

बाथ सॉल्टमधला मुख्य घटक म्हणजे एप्सम सॉल्ट. त्याला आपण मीठ म्हणतो खरे, पण ते आपल्या डब्यातले मीठ नव्हे. इंग्लंडमधल्या एप्सम या गावावरून नाव पडलेले ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि त्याच्या प्रत्येक स्फटिकात पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. वजनाने पाहिले तर किलोभर एप्सम सॉल्टमध्ये अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणीच असते. हाताला ते कोरडे लागते, कारण ते पाणी स्फटिकाच्या घडणीत अडकलेले असते. उष्णता दिली की साधारण ५० अंशांच्या आसपासच ते सुटू लागते, आणि आणखी तापवले की एप्सम सॉल्ट स्वतःच्याच पाण्यात विरघळू लागते. म्हणजे ज्याला तुम्ही सुकवायला ठेवता, ते तुमच्या डोळ्यांदेखत ओले होते.

माझ्या बाबतीत ४० बरण्या होत्या. मुलीच्या साखरपुड्याला आलेल्यांना परतभेट म्हणून द्यायच्या होत्या आणि कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते. पहिला ट्रे १०० अंशांवर ठेवला. दहा मिनिटांनी काचेतून पाहिले तर कडेचे खडे काचेच्या मण्यांसारखे चमकत होते. मला वाटले, छान, ओल बाहेर पडते आहे. वीस मिनिटांनी मधला भाग खिचडीसारखा झाला होता आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा तपकिरी रंग त्यात उतरला होता. इथे थांबायला हवे होते. मी मात्र आच वाढवली. तासाभराने जे बाहेर आले ते पांढरट, निस्तेज आणि ट्रेला असे चिकटलेले होते की उलथन्याचा दांडा वाकला, आणि शेवटी वरवंट्याने घाव घालावे लागले. एवढ्यावर शहाणी झाले असते तर नुकसान एका ट्रेवर थांबले असते, पण मी ती ढेप मिक्सरमधून फिरवून बरण्यांत भरली आणि तशाच पद्धतीने आणखी तीन ट्रे लावले. दोन दिवसांत सगळ्या बरण्या दगड झाल्या, कारण अर्धवट पाणी गेलेले एप्सम सॉल्ट तहानलेले असते आणि मिळेल तिथून ओल ओढून घेऊन पुन्हा घट्ट बसते. सुगंधी तेलाचा वास तर पहिल्याच ट्रेसोबत उडून गेला होता. तो सगळा ओव्हनमध्ये मुरला आणि त्या दिवाळीतल्या आमच्या नानकटाईला लॅव्हेंडरचा वास येत होता.

आता मूळ ओल आली कुठून, ते पाहू. तुमच्या कृतीत जाडे मीठ आहे, घरी दोन दिवस सावलीत वाळवलेल्या पाकळ्या आहेत आणि वर दोन चमचे गुलाबपाणी शिंपडलेले आहे. गुलाबपाणी हे पाणीच आहे. त्यावर अधिक लिहीत नाही. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहिलेला असतो आणि तो हवेतले पाणी झपाट्याने ओढतो. शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावू लागते. खाडीच्या दोन्ही काठांवर, तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, पावसाळ्यात हवा कित्येक दिवस त्याहून दमट असते. पापडाचा डबा उघडा राहिला तर तासाभरात पापड सादळतो, त्याच हवेत आपण निवांत बसून बरण्या भरतो. बाहेरच्या देशांतल्या कृती कोरड्या थंडीत बसून लिहिलेल्या असतात आणि त्यांत हे कोणी सांगत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की ठाण्यात आणि नवी मुंबईत पाऊस पुरता माघारी जाईपर्यंत बाथ सॉल्टला हात लावू नये. ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की एका शनिवारी ५० बरण्या सहज होतात, त्यासाठी सप्टेंबरपासून धडपड करण्याची गरज नाही. घाईच असेल तर झोपण्याच्या खोलीत रात्रभर एसी चालू ठेवून एप्सम सॉल्ट स्वच्छ सुती चादरीवर पातळ पसरावे. एसी हवेतले पाणी काढून टाकतो आणि तेवढे पुरते. जाडे मीठ मात्र कढईत भाजता येते; ते सोडियम क्लोराइड आहे, त्याच्या स्फटिकात असे पाणी बांधलेले नसते. मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत परतावे, पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच मिसळावे; कोमट असताना मिसळले तर वर सांगितलेली कहाणी लहान प्रमाणात पुन्हा घडते. बरण्या भरण्यापूर्वी मी एक चाचणी करते: चमचाभर मिश्रण वाटीत घालून स्वयंपाकघरात रात्रभर उघडे ठेवते. सकाळी वाटी तिरकी केल्यावर खडे सुटे घरंगळले तरच भरायला बसते.

खाण्याचा सोडा घातला असेल तर हरकत नाही, पण धुण्याचा सोडा त्याच्या जागी चालत नाही. तो कातडीला फार तीव्र आहे. सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिडही घातले असेल तर मिश्रणाला ओल लागताच बंद बरणीत वायू तयार होतो आणि झाकणे उडतात. पत्र्याची झाकणे मिठाने गंजतात, हे तुम्ही आतापर्यंत पाहिले असेलच. सैंधव चालते आणि दिसतेही सुंदर; पादेलोण मात्र कोणीही घालू नये, गरम पाण्यात पडताच न्हाणीघरात उकडलेल्या अंड्यांचा वास भरतो.

पाकळ्यांबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. माझ्या मते त्या घालूच नयेत. बरणीत दोन आठवडे शोभतात, मग तपकिरी होतात, आणि पाण्यात पडल्यावर मोरीच्या जाळीत जाऊन बसतात. हौस असेलच तर वाशीच्या मसाला मार्केटमधून कडकडीत वाळलेल्या पाकळ्या आणाव्यात आणि मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत बांधून वर ठेवाव्यात.

सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, त्याचा तवंग थेट अंगाला लागतो. म्हणून ते आधी चमचाभर खोबरेल किंवा बदाम तेलात कालवून मग खड्यांना चोळावे. पाव किलोला मी आठ ते दहा थेंबांपुढे जात नाही. दालचिनी आणि लवंगेची तेले कातडी भाजल्यासारखी लाल करू शकतात, ती टाळलेली बरी. तेलामुळे फरशी निसरडी होते, तेवढे ज्येष्ठांना सांगून ठेवा.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी बाथटब आहे, हा प्रश्न मी भेट देताना स्वतःला विचारते. त्यामुळे माझ्या चिठ्ठीवर 'अर्धी बादली कोमट पाणी, दोन मोठे चमचे, पाय १५ मिनिटे बुडवून बसा' एवढेच असते. अंगातले मॅग्नेशियम वाढते वगैरे दावे मी लिहीत नाही, त्याला भक्कम आधार नाही; कोमट पाणी आणि पंधरा मिनिटे कोणी हाक न मारणे, यानेच बरे वाटते. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कधी कधी कमी झालेली असते आणि पाणी किती कढत आहे ते त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना हे देताना डॉक्टरांना विचारायला जरूर सांगा. मी डॉक्टर नाही, हे पुन्हा एकदा नमूद करते.

भेट म्हणून देणे वेगळे आणि विकणे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो. 'घरगुतीच तर आहे' हे कारण तिथे चालत नाही. परगावी पाठवणार असाल तर आणखी एक तयारी ठेवा. एका कुरिअरच्या कार्यालयाने माझे पार्सल 'पांढरी पूड' म्हणून तीन दिवस अडकवून ठेवले, काय हवे ते कोणी सांगेना, आणि परत मिळाले तेव्हा एक झाकण उघडून तसेच सैल ठेवलेले होते. तेव्हापासून मी लांबचे पार्सल पाठवत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडते.

तुमच्या सध्याच्या २५ बरण्या फेकू नका. पाकळ्यांवर बुरशी दिसत असेल त्या तेवढ्या टाकून द्या; बाकीच्यांतली ढेप चमच्याने फोडून घरीच पाय शेकायला वापरा आणि भेटीसाठी दिवाळीआधीच्या आठवड्यात नवे करा. नव्या बरणीवर भरल्याची तारीख, तेलाचे नाव आणि 'खाण्यासाठी नाही' हे शब्द ठळक मराठीत लिहा. माझ्या मावशीला मी गुडघ्यांसाठी बिनवासाची एक बरणी दिली होती, लेबल न लावता. तिने ती मिठाशेजारी फडताळात ठेवली, दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत चमचाभर घातले, आणि कडू काकडी दिली म्हणून भाजीवाल्याशी भांडून आली.