वय ३४, रोज जिम, टीएमटी नॉर्मल. तरी हार्ट अटॅक येऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की म्हापशात नोकरी करता, आठवड्यातून पाच दिवस जिम, रविवारी सायकल. गेल्या महिन्यात तुमच्याच वयाचा ओळखीतला एकजण झोपेतच गेला. घाबरून टीएमटी (पट्ट्यावर चालता-धावताना काढतात तो ईसीजी) केली, ती नॉर्मल आली. आता निर्धास्त राहू का, की व्यायामच कमी करू?

व्यायाम कमी करू नका. निर्धास्तही राहू नका. मी डॉक्टर नाही, फोंड्यात फार्मसी चालवतो. पण चार वर्षांपूर्वी, ४१व्या वर्षी, मला अटॅक आला तेव्हा मी आठवड्याला तीस किलोमीटर धावत होतो, आणि तो अटॅक मी चक्क अंगावर काढला.

त्या दिवशी पहाटे फर्मागुढीचा चढ धावत चढलो. वर पोचताना छातीच्या मध्यावर जळजळ. आदल्या रात्री मेहुण्याकडे शाकुती (आमच्याकडचा मसालेदार रस्सा) झाली होती, त्यामुळे गुन्हेगार लगेच सापडला. घरी आलो, आंघोळ केली, दुकान उघडलं आणि माझ्याच फळीवरची पित्ताची गोळी काढून चघळली. डावा जबडा दुखायला लागला, तर अक्कलदाढ आठवली. घाम फुटला, तर मे महिना, गोव्यात कुणाला घाम येत नाही? दर वेळी मनात एकच: पहाटे सहा किलोमीटर धावलेल्या माणसाच्या हृदयाला काय होणार! यात अडीच तास गेले. बायको डबा घेऊन आली, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अहो, आधी शटर ओढा."

सरकारी इस्पितळात ईसीजी काढला. गोव्यात २०१८च्या अखेरीस स्टेमी (वाहिनी पूर्ण बंद पडून येणारा मोठा अटॅक) प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून छोट्या केंद्रातला ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथं देता येतं. मला ते मिळालं. मग १०८मधून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, एक स्टेंट.

शुद्धीत... म्हणजे शुद्धीत मी पूर्ण वेळ होतोच, भानावर आल्यावर म्हणूया, डॉक्टरांना तुमचाच प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं ते असं. धावण्यानं स्नायू बळकट होतात, दम वाढतो, रक्तदाब-साखर आटोक्यात राहते. पण अटॅक घडतो रक्तवाहिनीच्या भिंतीत. तिथं चरबीचा थर साचतो, त्यावरचा पापुद्रा फाटतो, आणि रक्ताची गुठळी काही मिनिटांत वाट बुजवते. फाटणारा थर मोठा असावा लागतो असंही नाही, वाहिनी निम्मीसुद्धा अरुंद नसताना तो फाटू शकतो. टीएमटीत अडथळा नीट दिसायला मात्र वाहिनी साधारण सत्तर टक्के बुजलेली लागते. तुमचा रिपोर्ट खोटा नाही. आज धावताना तुमच्या हृदयाला रक्त कमी पडत नाही एवढंच तो सांगतो, उद्याचं सांगत नाही.

अमेरिकेला जॉगिंगचं वेड लावणारा जिम फिक्स २० जुलै १९८४ रोजी धावतानाच गेला, वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. 'बघा, धावून मेला' हे लोकांना आवडलं. त्याच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला अटॅक आला होता आणि ४३व्या वर्षी ते वारले, हे सांगणारे कमी. माझे वडील ४९व्या वर्षी गेले. आमच्या घरी 'ते विडी ओढायचे' एवढ्यावर तो विषय संपायचा.

माझं कोलेस्टेरॉल तसं बरं होतं. स्टेंटनंतर लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, नेहमीच्या लिपिड तपासणीत तो मोजत नाहीत) तपासलं, ते निघालं ९६ मिलिग्रॅम. पन्नासच्या वर धोका वाढतो असं धरतात. हे जन्मजात असतं, पथ्यानं किंवा व्यायामानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. रोज लोकांचे लिपिड रिपोर्ट बघणाऱ्या माणसाला स्वतःची ही तपासणी करायचं सुचलं नव्हतं. आता धाकट्या भावाची करून घेतली. त्याचंही जास्त आहे.

त्यात आपण पडलो दक्षिण आशियातले. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या अटॅकचं सरासरी वय इथं ५३ निघालं, बाकीच्या जगात ५९च्या आसपास. आणि २०२३मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह पाहणीत गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. अशा बाबतीत पहिला नंबर नको होता.

तुमचा ओळखीचा झोपेत गेला, तो अटॅकच असेल असं मात्र धरू नका. अटॅक म्हणजे नळ तुंबणं. हृदय अचानक बंद पडणं म्हणजे विजेचा घोटाळा, आणि पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंत त्यामागे बरेचदा जन्मजात दोष असतो: जाड झालेला स्नायू, वाहिनीची चुकीची जागा, किंवा ठोक्यांच्या विजेतच गडबड. गोव्याच्या डेंपो क्लबचा फुटबॉलपटू क्रिस्तियानो ज्युनिअर आठवतो? ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन कपचा अंतिम सामना. दोन्ही गोल त्याचेच, दुसरा मारताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, आणि तो परत उठला नाही. त्या रात्री आमच्या वाड्यावर कुणी फटाके लावले नाहीत. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन १२ जून २०२१ला मैदानावर तसाच कोसळला. छातीवर दाब आणि विजेचा झटका मिनिटांत मिळाला, म्हणून तो परत खेळतोय. जिमचं शुल्क भरताना तिथं ते शॉकचं यंत्र आहे का आणि ते वापरता कुणाला येतं, हे जरूर विचारा. आरसे मोजू नका.

जिमचाच विषय निघाला म्हणून. माझ्या काउंटरवर विशी-पंचविशीतली पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मागायला येतात. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की तोंड वाकडं करतात. हे प्रकार चांगलं कोलेस्टेरॉल पाडतात, रक्त घट्ट करतात, हृदयाचा स्नायू जाड करतात. तुम्ही घेत असाल तर बाकीचं सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ते थांबवायला डॉक्टरांना गाठा. तापात व्यायामही नको, विषाणूची सूज हृदयापर्यंत जाऊ शकते.

आणि छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, विनाकारण घाम, यातलं काही आलं तर फिटनेसचा हिशेब न करता १०८ लावा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी साफ आला तरी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय घरी परतू नका.

तुमच्या प्रश्नात जिम आहे, सायकल आहे, प्रोटीनचा ब्रँडसुद्धा आहे. वडिलांचा उल्लेख नाही. ते, काका, मामा कितव्या वर्षी आणि कशानं आजारी पडले, हे आईला विचारून इथंच खाली लिहा. पुढच्या तपासण्यांचं मग बोलू.