जुन्या लॅपटॉपवर मराठी ई-पुस्तकं डोळ्यांना त्रास न होता कशी वाचावीत? किंडल घ्यावंच लागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: साडेपंधरा इंची जुना लॅपटॉप आहे, त्यावर मराठी पुस्तकं वाचायला बसलं की तासाभरात डोळे चुरचुरतात, मान धरते. किंडल घ्यावं का, की पाच-सहा हजारांत दुसरं काही मिळेल?

किंडलचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी आहे तोच लॅपटॉप कुशीवर उभा करून बघा. अगदी शब्दशः. पुस्तक अर्धवट उघडून टेबलावर उभं करतो, तसा. का, ते सांगते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, अकरा वर्षं झाली. पूर्वी प्रुफं कागदावर यायची, आता बहुतेक सगळी पीडीएफमध्ये येतात, त्यामुळे रोजचे सहा-सात तास माझे पडद्यासमोरच जातात. मशीनही तुमच्यासारखंच, १५.६ इंची, १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या पडद्याचं. पहिल्या वर्षी माझीही हीच तक्रार होती आणि मी ती चष्म्यावर ढकलत होते.

नेहमीची मराठी कादंबरी डेमी आकारात छापतात, म्हणजे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. चारी बाजूंचा समास सोडला तर प्रत्यक्ष मजकूर असतो साधारण सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच उंच. तुमचा पडदा साडेतेरा इंच रुंद आणि साडेसात इंच उंच आहे. उभं पान आडव्या पडद्यात बसवलं की दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या उरतात, मध्ये पान लहान होऊन बसतं आणि आपण ते वाचायला पुढे झुकतो. मान तिथेच धरते. पान मोठं करावं तर अर्धंच दिसतं, मग सरकवत बसायचं. सरकताना ओळ हलते, डोळा ती पुन्हा शोधतो. एका पानात असं चार वेळा झालं तरी शंभर पानांत चारशे वेळा होतं. माझ्या अनुभवात डोळे शिणतात ते या शोधाशोधीनं, पडद्याच्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त.

आता पडदा उभा करा. रुंदी साडेसात इंच, उंची साडेतेरा. समास कापून मजकूर या रुंदीला ताणला की तो पावणेदोन पटीहून थोडा मोठा होतो, आणि उंचीत बरोबर पूर्ण पान मावतं. छापील पुस्तक आपण हातभराच्या आतच धरतो, चाळीसेक सेंटिमीटरवर. लॅपटॉप साठ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे अक्षर निदान दीडपट मोठं हवं. ते इथे मिळतं, वर थोडं शिल्लकच राहतं. पाठ खुर्चीला टेकवून, एका कळीला एक पान, असं वाचता येतं. सरकवणं संपलं.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले या वाटेनं गेलात की ओरिएंटेशन सापडेल, तिथे पोर्ट्रेट निवडा. त्यात एक उलटा पोर्ट्रेटही असतो. पंख्याची जाळी ज्या बाजूला असेल ती खाली टेबलाला टेकणार नाही असा त्यातला एक घ्या, नाहीतर लॅपटॉप तापेल. टचपॅडवर बोट फिरवलं की बाण भलतीकडे जातो, म्हणून साधा माउस जोडा. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्वस्त लॅपटॉपांत बहुधा टीएन पॅनेल असतं, त्याकडे वरून किंवा खालून बघितलं की रंग फिकट-गडद होतात. लॅपटॉप कुशीवर केला की हाच दोष डावी-उजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना पडदा जरा वेगवेगळा दिसू शकतो. म्हणून नाकासमोर सरळ ठेवा, तिरका नको. मी त्याला पोथीच्या ठवणीसारखा एक लाकडी आधार सुताराकडून करून घेतलाय. सुरुवातीला दोन जाड शब्दकोशही पुरतात.

वाचण्यासाठी सुमात्रा पीडीएफ घ्या. विनामूल्य आहे, इवलंसं आहे, जुन्या मशीनवरही झटकन उघडतं आणि ईपबही (अक्षर हवं तसं लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) वाचतं. त्यात कंट्रोल आणि ३ एकत्र दाबलं की समास सोडून फक्त मजकूर पडद्यात बसतो. वरचं सगळं गणित या एका कळीवर उभं आहे. एफ११ नं पडदा पूर्ण भरतो. लिनक्स असेल तर ओक्युलर बघा, त्यातही समास छाटायची सोय आहे.

उजेडाचं माझं माप साधं आहे. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडद्याचा पांढरा कागदापेक्षा झगझगीत दिसला तर उतरवा, मळका दिसला तर खोलीतला दिवा लावा. अंधारात वाचू नका. पार्श्वभूमी फिक्या बदामी रंगाची करता आली तर करा. काळ्यावर पांढरी अक्षरं मला देवनागरीसाठी पटत नाहीत: शिरोरेघ झळकते आणि खालचे उकार, वरचे रफार त्यात विरतात. रात्री झोपण्याआधी कुणी तसं वाचत असेल तर त्याची मर्जी, पण तासन्तास नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या खास चष्म्यावर पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा भिंगांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसलं नाही. त्या पैशांत नंबर तपासून घ्या. आणि हो, पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यात छताचा पंखा तोंडावर असला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. तुमची चुरचुर निम्मी या पंख्याचीही असू शकेल, खुर्ची हलवून बघा.

आता किंडलकडे येते, कारण इथे मी स्वतः फसले आहे. पाच वर्षांपूर्वी एका परिचितांकडून सहा इंची ई-इंक वाचक (किंडलसारखाच, कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) विकत घेतला. तो कोणत्या कंपनीचा, याला महत्त्व नाही, यंत्रात दोष नव्हताच. त्यात मी काय भरलं? इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन. सहा इंची पडदा म्हणजे तीन दशांश सहा बाय चार दशांश आठ इंच. डेमी पानाचा मजकूर त्यात पूर्ण बसवला की तो मूळच्या दोन तृतीयांश होतो, म्हणजे बारा पॉइंटाचं अक्षर आठ पॉइंटाचं. ‘द्ध’ आहे की ‘द्व’, ‘ष्ट’ आहे की ‘ष्ठ’, हे मला भिंग घेऊन बघावं लागे. आडवा धरला तर अक्षर ठीक दिसायचं, पण पानाचे दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला पान उलटायला सेकंद-दोन सेकंद. महिन्याभरात तो कपाटात गेला. फार वाईट वाटलं होतं, कारण पैसे जमवून घेतला होता आणि हाताशी पुस्तकं होती ती सगळी स्कॅनच होती.

तेव्हा कळलं की आधी फाइल बघायची, मग यंत्र. मराठीत हा मुद्दा इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण आपल्याकडे तीन जातींच्या फाइली आहेत आणि तिन्हींवर ‘ई-पुस्तक’ हीच पाटी असते.

पहिली स्कॅन, म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं केलं तर पानच मोठं होतं.

दुसरी जात फसवी. पीडीएफ अक्षरजुळणीतून निघालेली असते, अक्षरं स्वच्छ असतात, पण जुळणी युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेली असते (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत). श्रीलिपीसारख्या प्रणालींत काम करणारी छपाई घरं आजही आहेत, मी रोज त्यांची प्रुफं बघते. ओळखायची खूण अशी की एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये डकवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर ती हीच. कॅलिबर नावाच्या उत्तम मोफत प्रोग्रॅममधून तिचा ईपब करायला गेलात तर तोच कचरा पुस्तकभर मिळेल. युनिकोड पीडीएफचंही रूपांतर धड होत नाही, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून पीडीएफवरून ईपब करण्यात रविवार घालवू नका. मी तीन घालवलेत.

तिसरी खरा ईपब, किंवा किंडल दुकानातली मजकूर-फाइल. यात अक्षर हवं तेवढं वाढवा, ओळी आपोआप जुळतात. अशा पुस्तकांना सहा इंची ई-इंक सुरेखच आहे. नव्या साध्या किंडलला इंचाला ३०० ठिपके आहेत, तुमच्या लॅपटॉपला जेमतेम १००. उन्हात गच्चीवर बसून वाचायचं सुख दुसऱ्या कशात नाही. तेव्हा तुम्ही नवी पुस्तकं विकत घेऊन वाचणार असाल तर पैसे साठवा आणि किंडल जरूर घ्या. पण फुकट मिळणारं जुनं वाचायचं असेल तर सहा इंचांच्या वाटेला जाऊ नका.

फुकट आणि रीतसर, दोन्ही असलेलं पुष्कळ आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे हरी नारायण आपटे (मृत्यू १९१९) आणि साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचं असं लेखन केव्हाच सर्वांचं झालं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत, चरित्रं आणि कोश धुंडाळायचे असतील तर तिथे जा. ई-साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य पुस्तकं देतं. आणि मराठी विकिस्रोत मला मनापासून प्रिय आहे: तिथे स्वयंसेवक स्कॅन समोर ठेवून अक्षर न् अक्षर पडताळतात, दुसरा कुणी पुन्हा तपासतो, आणि तयार पुस्तक ईपबमध्ये उतरवता येतं. पुस्तकं मोजकी आहेत, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला ते काम बघून भरून येतं.

ईपब वाचताना फाँट बदला, हेही राहून जातं. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक-जाड रेघांचा डौलदार फाँट तुटक दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) गूगल फाँट्सवर मोफत आहे, त्याची रेघ एकसारखी आहे, लॅपटॉपवर तोच बरा. चांगल्या ठिपक्यांच्या टॅबवर ‘तिरो देवनागरी मराठी’ लावून बघा. त्याची हिंदी आणि संस्कृत रूपं वेगळी आहेत, मराठीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. आपला ‘ल’ दिसला की मला तरी वाचताना घरी आल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप कुशीवर ठेवून आठवडा गेला आणि तरीही आडवं पडून, बसमध्ये वाचायचंच असेल, तर तुमच्या पैशांत वापरलेला अँड्रॉइड टॅब घ्या. आठ इंची टॅबवर डेमी पानाचा मजकूर जवळजवळ छापील आकाराचा येतो, दहा इंचीवर सव्वापट. दहा इंची असेल तर १९२० × १२०० चाच पडदा बघा. १२८० × ८०० वाला स्वस्त मिळतो, पण त्यावर अक्षरांच्या कडा तेवढ्या स्वच्छ दिसत नाहीत. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असली तरी वाचायला अडत नाही, मात्र त्यावर बँकेचं काही करू नका. वाचायला रीडएरा हे ॲप पुरेल. स्कॅन जास्त असतील तर केओरीडर टाका: तो प्रत्येक पानाचा समास आपोआप कापतो आणि फिकट छपाई गडदही करतो. त्याची मांडणी पहिल्या दिवशी किचकट वाटेल, दोन दिवस द्या.

टॅब बघायला जाताना तुमच्याकडची सगळ्यात खराब स्कॅन फाइल आधीच स्वतःला मेल करून ठेवा. दुकानात ती उघडा, पूर्ण पान बसवा आणि नेहमी धरता तेवढ्याच अंतरावर धरून ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘वैशिष्ट्य’ असले शब्द शोधा. डोळे बारीक न करता वाचता आले तरच पुढचं बोला. मग पाठ टेबलावर ठेवून बोटानं डोलवा. डोलत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो टॅब कितीही स्वस्त असला तरी परत द्या.